वाइन टूर आणि मामांची वसुली

नाशिकच्या वाइनरीतील फेरीसाठी मोजलेले पैसे पुरेपूर वसूल कसे करावेत, याविषयी माझी काही ठाम मते आहेत. जानेवारी ते मार्च या तोडणीच्या हंगामात जावे, सकाळची फेरी धरावी, अंगाला अत्तर लावू नये, परतीची गाडी न पिणाऱ्याच्या हाती द्यावी आणि मुख्य म्हणजे निघण्यापूर्वी झणझणीत मिसळ खाऊ नये. यांपैकी शेवटची अट नाशकात पाळणे जवळजवळ अशक्य आहे. पण तर्रीने बधिर झालेल्या जिभेला सोव्हिन्यों ब्लाँसारखी पांढरी वाइन काय आणि नळाचे पाणी काय, दोन्ही सारखीच. माझ्या या मतांवर पाणी फिरवण्याचे काम पत्नीच्या मामांनी केले. मामा निफाडकडचे द्राक्ष बागायतदार असून त्यांचे उभे आयुष्य थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या खाण्याच्या द्राक्षांच्या मांडवाखाली गेले आहे. मिसळ त्यांनी दोनदा तर्री मागून खाल्ली.

गंगापूर धरणाच्या बाजूला असलेल्या त्या वाइनरीत आम्हाला हिंडवणारा तरुण पाठ केलेले भाषण अतिशय गोड आवाजात म्हणत होता. युरोपात वेली थंडीत झोपतात, आपल्याकडे मात्र त्या झोपत नाहीत, येथपर्यंत तो आला आणि मामांनी सूत्रे हाती घेतली. एप्रिलची खरड छाटणी कशासाठी, ऑक्टोबरची गोडी छाटणी कशासाठी, दोनदा छाटूनही पीक एकदाच का, हे त्यांनी पुण्यामुंबईहून आलेल्या मंडळींना इतक्या तपशिलात सांगितले, की टोप्या घातलेल्या दोन मुली वही काढून लिहू लागल्या. नंतर त्यांनी शिराझ या लाल वाइनच्या द्राक्षाचा एक मणी तोंडात टाकला आणि त्यांचा चेहरा उतरला. "एवढासा मणी, जाड साल आणि वर बिया! जावईबापू, हा माल पाहून व्यापारी बांधावरूनच परत जाईल." रंग आणि तुरटपणा सालीत असतो, मणी जितका लहान तितका रसाच्या मानाने सालीचा वाटा मोठा, आणि म्हणूनच एकरी उत्पादन मुद्दाम कमी ठेवतात, असे त्या तरुणाने समजावले. जाणूनबुजून उत्पादन घटवणाऱ्या माणसाकडे ज्या करुणेने पाहावे, त्या करुणेने मामांनी त्याच्याकडे पाहिले.

पोलादी टाक्यांपाशी आम्ही फार रेंगाळलो नाही. पांढऱ्या वाइनसाठी रस सालीपासून लवकर वेगळा करतात आणि लालसाठी तो सालीसकट आंबवतात, एवढे कळले की टाकी ही टाकीच असते. तळघरात सव्वादोनशे लिटरची फ्रेंच ओकची पिंपे ओळीने मांडली होती. एका पिंपाची किंमत ऐकताच मामांनी त्यावर टेकवलेला हात काढून घेतला.

खरी परीक्षा चाखण्याच्या टेबलावर होती. पेला दांडीने धरावा म्हणजे हाताची ऊब वाइनला लागत नाही, आधी रंग पाहावा, मग पेला घोळवून वास घ्यावा, इतपत मामांना मान्य झाले. पण घोट तोंडात फिरवून शेजारच्या भांड्यात थुंकावा, हे ऐकून ते ताठ झाले. जिथे भिंतीभिंतीवर थुंकण्यास मनाई लिहिलेली असते, त्या राज्यात पैसे भरून थुंकण्याची सोय पाहणे हा माणसाच्या श्रद्धेवरच घाला आहे. "विकत घेतलेली वस्तू थुंकायची?" असे त्यांनी खालच्या आवाजात विचारले. दर वेळी पेल्यात घोट-दोन घोटच येतात हे खरे, पण पाच-सहा नमुन्यांची बेरीज एका भरलेल्या पेल्याहून जास्त होते आणि जीभ तिसऱ्यालाच थकते, हा माझा युक्तिवाद त्यांनी चौथा नमुना गिळत ऐकून घेतला. त्याआधीच त्यांनी गोड वाइन पहिल्यांदा मागून घेतली होती, त्यामुळे पुढची प्रत्येक कोरडी, म्हणजे गोडी नसलेली वाइन त्यांना कैरीच्या पाण्यासारखी लागली.

तरीही त्या टेबलावरचे उत्तम नाक त्यांचेच होते, हे मान्य करावेच लागेल. सोव्हिन्यों ब्लाँ हुंगून बाकीचे लोक तरुणाने सुचवलेली परदेशी फळे आज्ञाधारकपणे मोजत असताना मामा म्हणाले, "ढोबळी मिरचीचा देठ मोडल्यावर येतो, तो वास आहे." तरुण थक्क झाला, कारण ढोबळी मिरचीत आणि या द्राक्षात वास देणारे द्रव्य एकाच जातीचे असते. ज्यांनी चाऱ्याचा, ओल्या मातीचा आणि फवारणीचा वास रोज घेतला आहे, त्यांना वासाची वर्णने शिकवावी लागत नाहीत.

परिणाम असा झाला, की तरुणाने भुरी या द्राक्षांवरच्या रोगाच्या उपायांची चर्चा लांबवत मामांना पुढच्या फेरीतही विनामूल्य येण्याची गळ घातली. आम्ही दोघे गाडीपाशी ताटकळत राहिलो. नव्या तुकडीला मामा अधिकारवाणीने बजावत असल्याचे दुरून ऐकू येत होते: "गोड वाइन शेवटी मागा, आधी घेतली तर नंतरचे सगळे आंबट लागते." थुंकण्याच्या भांड्याविषयी मात्र त्यांनी चकार शब्द काढला नाही.