जुनी विजेची रेल्वे अर्ध्या तासात नवी होत नाही

माळ्यावर पडून राहिलेली विजेवरची खेळण्यातली रेल्वे ‘अर्ध्या तासात नव्यासारखी’ करण्याची एक कृती सध्या जोरात फिरते आहे. ती थोडक्यात अशी: रूळ तारेच्या घासणीने चकचकीत होईपर्यंत घासा. इंजिनात डब्ल्यूडी-40 भरपूर फवारा. गंजलेले भाग रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा. इंजिन नुसतेच गुणगुणत असेल तर व्होल्टेज पूर्ण वाढवा, तरीही हलले नाही तर मोटर जळली असे समजा. रंग उडाला असेल तर नवा मारा, किंमत वाढते. आणि ट्रान्सफॉर्मर मूळचाच वापरा, तेव्हाचा माल दणकट होता.

रात्रभर बुडवण्याची पायरी अर्ध्या तासात कशी बसते, हे कोणी विचारलेले दिसत नाही. पण खरी गडबड वेळेची नाही. या कृतीत चमक म्हणजेच दुरुस्ती असे धरले आहे. या खेळण्यांत मात्र चमकवण्याच्या नादात जे निघून जाते तेच बहुतेक वेळा मोलाचे असते, आणि गाडी अडते ती भलतीकडेच.

रूळ आणि तारेची घासणी

न्यूयॉर्कमध्ये 1900 साली सुरू झालेल्या लायनेल या खेळण्यातल्या रेल्वेच्या कंपनीचे ओ गेजचे (रुळांच्या रुंदीचे एक माप) जुने रूळ घ्या. हे भरीव लोखंडाचे नाहीत. पातळ पोलादी पत्रा वाकवून केलेल्या त्या पोकळ नळ्या आहेत आणि पत्र्यावर कथिलाचा पातळ थर आहे. पितळेच्या पातेल्याला कल्हई असते, तसाच हा थर. तारेच्या घासणीने किंवा पॉलिशपेपरने तो निघतो. त्या संध्याकाळी रूळ आरशासारखे दिसतात, गाडीही धावते, व्हिडिओही छान होतो. मग उघड्या पडलेल्या पोलादावर हवेतल्या दमटपणाने गंज धरतो, आणि घासणीने पाडलेल्या बारीक चरांमध्ये काळा मळ आधीपेक्षा घट्ट बसतो. म्हणजे पुन्हा घासणे आले.

त्याहून वाईट म्हणजे घासणीचे तुटलेले तंतू. ते वीजवाहक असतात आणि चुंबकाला चिकटतात. लायनेलने 1950 च्या सुमारास चाके रुळाला धरून राहावीत म्हणून काही इंजिनांत चुंबक बसवले. त्याला मॅग्नेट्रॅक्शन म्हणतात. अशी इंजिने रुळावर पडलेला प्रत्येक तंतू उचलतात. चाकांतून तो गिअरमध्ये, तिथून मोटरमध्ये जातो आणि कम्युटेटरवर, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर, शॉर्ट करतो. या ट्रॅकला तीन रूळ असतात; वीज देणाऱ्या मधल्या रुळाखाली फायबरचे इन्सुलेशन असते, तिथे तंतूंचा झुबका अडकला तर अख्खा ट्रॅकच शॉर्ट.

मग रूळ पुसायचेच नाहीत का? पुसायचे. कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रुळाचा फक्त माथा पुसा. काळा थर हटत नसेल तर खोडरबराचा ठोकळा पुरतो. जिथे कथिल आधीच गेले आहे आणि गंज दिसतो आहे, तिथे नायलॉनची खरखरीत घासणी चालेल. पण ट्रॅक सुटा करून, गाडीपासून दूर, आणि नंतर भुकटी नीट पुसून काढायची. चाके आणि मधल्या रुळावरून वीज घेणारे रोलर त्याच बैठकीत पुसले नाहीत, तर पहिल्याच फेरीत तो मळ परत रुळावर येतो. ही पायरी मूळ कृतीत नाहीच.

आणि मुख्य मुद्दा: गाडी लांबच्या टोकाला मंदावते याचे कारण बहुधा रुळाचा माथा नसतोच. दोष सांध्यात असतो. एका तुकड्याची पिन दुसऱ्याच्या पोकळ तोंडात बसते. वर्षानुवर्षे जोडून-काढून ते तोंड सैल होते, आत गंज धरतो आणि प्रत्येक सांध्यावर थोडे थोडे व्होल्टेज गळते. गाडी चालू असताना ट्रान्सफॉर्मरजवळ आणि लांबच्या टोकाला मल्टिमीटर लावून बघा. फरक मोठा असेल तर घासून काहीही होणार नाही. पिना काढून साफ करा, रुळाचे तोंड पकडीने हलकेच आवळा, ट्रॅक मोठा असेल तर दोन-तीन ठिकाणी वेगळ्या वायरने वीज द्या. हे कंटाळवाणे काम आहे, कॅमेऱ्यात छान दिसत नाही. म्हणूनच बहुधा ते त्या कृतीत नसावे.

डब्ल्यूडी-40

1953 साली हे मिश्रण तयार झाले ते पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. जाम झालेला स्क्रू सोडवायला ते उत्तमच आहे. पण इंजिनाच्या मोटरमध्ये कार्बन ब्रश कम्युटेटरवर घासतात आणि त्यांची काळी भुकटी तिथेच साठते. तिच्यात तेल मिसळले की लेप तयार होतो. हा लेप कम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्यांमधल्या खाचांत बसतो आणि ज्या पट्ट्या एकमेकींपासून वेगळ्या राहायला हव्यात त्यांना जोडतो. ठिणग्या वाढतात, मोटर तापते, गती जाते. फवारा ज्वालाग्राही आहे आणि ठिणग्या तिथेच उडत आहेत, हेही लक्षात घ्या. रुळांवर पडला तर चाके घसरतात, ती तर साधी गोष्ट झाली. याच नावाची कंपनी विजेच्या संपर्कांसाठी वेगळा क्लीनर विकते. एवढ्यावरून काय ते समजावे.

करायचे ते असे. ब्रशची पट्टी सोडवा. कम्युटेटर अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसा, खाचा लाकडी दातकोरण्याने साफ करा. ब्रश झिजून आखूड झाले असतील तर बदला, त्यांच्या स्प्रिंगमध्ये दम आहे का बघा. मग आर्मेचरच्या (मोटरच्या फिरत्या भागाच्या) बेअरिंगवर पातळ तेलाचा एक थेंब आणि गिअरला थोडे ग्रीस. तेल जितके जास्त, तितके ते फिरून कम्युटेटरवर येते.

इथे एक सावधगिरी. साफसफाईसाठी मोटर पूर्ण उघडा, असा सल्ला याच कृतीच्या खाली लोक देतात. लायनेलच्या जुन्या मोटरमध्ये कायम चुंबकाऐवजी तारेची वेटोळी (फील्डची वाइंडिंग) असते, तिथे त्यातून चुंबकाचे नुकसान होत नाही. पण हॉर्नबी डब्लो या ब्रिटिश गाड्यांसारख्या, 1938 पासूनच्या 12 व्होल्ट डीसी गाड्यांत कायम चुंबक असतो. तेव्हाच्या चुंबकांतून आर्मेचर तसेच बाहेर काढले की चुंबकाची ताकद उतरते आणि परत जोडलेले इंजिन आधीपेक्षा अशक्त होते. आर्मेचर काढताना चुंबकाच्या दोन टोकांना जोडणारा लोखंडाचा तुकडा बसवावा लागतो. शक्यतो काढूच नका.

व्हिनेगर

पोलादी स्क्रू किंवा आस व्हिनेगरमध्ये टाकून गंज निघतो, हे खरे. पण इंजिनाचे धड, गिअरचे घर, कधी चाकेसुद्धा जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेली असतात आणि आम्ल जस्ताला खाते. ट्रॅक बुडवला तर पोकळ रुळांच्या आत ओल राहते आणि गंज आतून सुरू होतो, तिथे कापडही पोचत नाही.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या काही ओतीव भागांवर पांढुरकी भुकटी, बारीक भेगा आणि फुगवटा दिसतो. हा गंज नाही. ओतताना जस्तात शिसे किंवा तत्सम अशुद्धी राहिली की धातूच्या कणांच्या सीमांवरून तो आतून कुजत जातो. त्याला इलाज नाही. व्हिनेगर, गोंद, रंग, काहीच उपयोगाचे नाही. भाग कोरड्या, स्थिर तापमानाच्या जागी ठेवावा आणि गाडी चालवायची असेल तर नव्याने ओतलेला भाग मिळतो का बघावे.

गुणगुणते म्हणजे जळली?

सगळ्यात जास्त चांगली इंजिने या एका समजुतीमुळे भंगारात गेली असतील. लायनेलच्या एसी इंजिनात दिशा बदलणारे ई-युनिट असते. वीज तुटून परत आली की त्यातला ड्रम एक घर पुढे सरकतो: पुढे, थांबा, मागे, थांबा. ‘थांबा’च्या घरात मोटरला वीज मिळत नाही, पण ई-युनिटच्या कॉइलला मिळते आणि एसीवर तिचा दांडा थरथरतो. गुणगुण ऐकू येते ती त्याची. ट्रान्सफॉर्मरचा हँडल शून्यावर आणून परत वाढवा. बरेचदा इंजिन चालू लागते. दिवा लागतो पण आवाजही नाही आणि हालचालही नाही, तर ई-युनिट बंद करणारी बारीक दांडी बघा; कोणीतरी ती ‘थांबा’च्या घरात असताना फिरवून ठेवलेली असते. दांडी ठीक असेल तर ड्रम आणि त्यावरचे तांब्याचे पातळ संपर्क अल्कोहोलने हलक्या हाताने पुसा. तेल इथे अजिबात नको.

गुणगुणण्याचे दुसरे कारण चुकीची वीज. कायम चुंबकाच्या डीसी इंजिनाला एसी दिली तर ते जागेवर थरथरते आणि तापते. उलट लायनेलचे इंजिन डीसीवरही चालते, पण मग टेंडरमधली (इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यातली) शिट्टी थांबतच नाही, कारण तिचा रिले (विजेवर चालणारा स्विच) डीसीच ओळखतो. तेव्हा गाडी कोणत्या विजेवरची आहे हे आधी ठरवा.

आता ‘व्होल्टेज पूर्ण वाढवा’. जुने ग्रीस मेणासारखे घट्ट झाले असेल तर मोटर अडकलेली असते, आणि अडकलेली मोटरच सर्वाधिक करंट ओढते. त्या वेळी पूर्ण व्होल्टेज देणे म्हणजे चांगली वाइंडिंग स्वतःच्या हाताने जाळणे. मग ‘मोटर जळली’ हे निदान खरे ठरते, एवढेच. आधी वीज काढून आर्मेचर बोटाने फिरते का बघा. वर्म गिअरच्या (मळसूत्रासारख्या गिअरच्या) इंजिनाची चाके मात्र जोर लावून फिरवू नका, दाते जातात.

नवा रंग

संग्राहकांच्या बाजारात मूळ रंग, ओरखड्यांसकट, पुन्हा रंगवलेल्या गाडीपेक्षा जास्त मोलाचा धरला जातो. अमेरिकेतली ट्रेन कलेक्टर्स असोसिएशन 1954 पासून आहे. तिच्या प्रतवारीत मूळ स्थितीला वजन आहे. शिवाय जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता मोठी. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या आणि खेळण्यांच्या रंगांतल्या शिशावर बंदी आली ती 1978 मध्ये. असा रंग कोरडा घासणे म्हणजे शिशाची धूळ उडवणे, तीही खेळण्याच्या टेबलावर. डब्यांवर ओलसर मऊ कापड आणि सौम्य साबण पुरे. शिक्का मारून उमटवलेले आकडे आणि अक्षरे मात्र साध्या पुसण्यानेही निघतात, म्हणून त्यांच्या कडेकडेने फिरावे. अल्कोहोल रंगावर नकोच.

मूळचा ट्रान्सफॉर्मर

दणकट होता, मान्य. लायनेलच्या झेडडब्ल्यू या मोठ्या ट्रान्सफॉर्मरवर बहुतेक वेळा 275 वॅट लिहिलेले असते आणि त्यातले अनेक अजून चालतात. पण वायरवरचे रबर दणकट नसते. ते कडक होऊन चिरते, आणि नेमके बेकलाइटच्या (जुन्या कडक प्लास्टिकच्या) खोक्यात शिरताना चिरते, जिथे दिसत नाही. वायर वाकवून बघा; भुगा पडला, चीर दिसली किंवा आतली तार उघडी असेल तर प्लग लावायचाच नाही, वायर बदलायची.

110-120 व्होल्टसाठी बनलेला ट्रान्सफॉर्मर 220-240 व्होल्टच्या सॉकेटला थेट लावला तर तो काही क्षणांत जळू शकतो. मधे योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन हवा. आतला ब्रेकर मंद असतो. गाडी घसरून रुळांत शॉर्ट झाला की तो पडेपर्यंत चाके आणि रोलर यांवर ठिणग्यांनी खड्डे पडलेले असतात, म्हणून रुळाकडे जाणाऱ्या वायरीत वेगळा, चटकन पडणारा ब्रेकर घालावा. अनेक जुन्या ट्रान्सफॉर्मरना बंद करायचे बटण नसते. हँडल शून्यावर आणले तरी घरच्या विजेची बाजू चालूच राहते, त्यामुळे रुळाला हात लावण्यापूर्वी प्लग काढा.