तो भाग माझ्याकडे नव्हता

आज मुलगी आनंदात घरी आली, कारण तिच्या गटाने केलेल्या पुलाच्या प्रतिकृतीला वर्गात पहिला क्रमांक मिळाला होता. मी कौतुक केले आणि सहज विचारले, की पुलाच्या बाजूंना सगळीकडे त्रिकोणच का जोडले आहेत, चौकोन का नाहीत. जराही न अडखळता ती म्हणाली, "बाबा, तो भाग माझ्याकडे नव्हता." तिच्याकडे सादरीकरण होते.

काड्या जोडून केलेला चौकोन दाबला की तिरका होतो, पण त्रिकोणाची एखादी बाजू मोडल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही, एवढी एकच गोष्ट त्या प्रकल्पातून शिकायची होती. ती चौघांपैकी एकाला कळली आणि गुण चौघांना सारखे मिळाले. याला आपण सहकार्य म्हणायचे? हे तर अज्ञान लपवण्याची रीतसर सोय करून देणे झाले, आणि वर त्याला एकविसाव्या शतकाचे कौशल्य असे भारदस्त नाव!

मी इतका का चिडलो, हे लिहिताना माझ्या लक्षात येत आहे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आमचाही चौघांचा गट होता. ऑसिलोस्कोपची, म्हणजे विजेचे संकेत पडद्यावर रेघेच्या रूपात दाखवणाऱ्या उपकरणाची, बटणे नेहमी एकच मित्र फिरवायचा आणि तो सांगेल ते आकडे मी सुवाच्य अक्षरात जर्नलमध्ये उतरवायचो. गुण दोघांना सारखेच. पुढे पहिल्या नोकरीत त्याच उपकरणासमोर एकटा उभा राहिलो, तेव्हा पडद्यावरची रेघ स्थिर कशी करायची हेही मला ठाऊक नव्हते. तो भाग माझ्याकडे नव्हता.

आता कोणी म्हणेल, की मोठे काम एकट्याने होत नाही. मान्य आहे. गणितज्ञ अँड्र्यू वाइल्स यांनी फर्माच्या शेवटच्या प्रमेयावर, म्हणजे गणितातल्या शतकानुशतके न सुटलेल्या कोड्यावर, सुमारे ७ वर्षे जवळजवळ गुप्तपणे काम केले, तरी १९९३ मध्ये मांडलेल्या सिद्धतेत त्रुटी निघालीच, आणि ती १९९४ मध्ये दूर करताना गणितज्ञ रिचर्ड टेलर सोबत होते. पण टेलर यांना तिथे बोलावले गेले ते त्यांना तो विषय मुळापासून येत होता म्हणून. सादरीकरण सांभाळायला नव्हे. २०१५ च्या पिसा या शालेय मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत सहकार्याने प्रश्न सोडवण्याची क्षमता मोजली गेली, तेव्हा तर प्रत्येक मुलासमोर गटातले सोबती म्हणून संगणकातली पात्रे होती. प्रत्येकाचे सहकार्यसुद्धा वेगळे तपासावे लागते, हे परीक्षा घेणाऱ्यांना कळले. आपल्याला कधी कळणार?

गटकार्य बंद करा, असे माझे म्हणणे नाही. हार्वर्डमध्ये एरिक माझूर भौतिकशास्त्र शिकवताना प्रश्न विचारत, प्रत्येकाकडून आधी स्वतंत्र उत्तर घेत, मग शेजाऱ्याशी वाद घालायला सांगत आणि त्यानंतर पुन्हा उत्तर मागत. हा क्रम मला पटतो, कारण आधी स्वतःचे चुकीचे का होईना उत्तर असल्याशिवाय मुलाने शेजाऱ्याशी वाद तरी कशावर घालायचा?

मघाशी त्या जुन्या मित्राला हे सारे कळवले आणि इतक्या वर्षांनी त्याच्या श्रमांवर गुण मिळवल्याची कबुलीही दिली. त्याचे उत्तर आत्ताच आले आहे: "अरे, आलेख सगळे तूच काढायचास. मला ते आजही धड काढता येत नाहीत."