१५ दिवसांत अख्खा देश? जरा थांबा भाऊ
पक्षी बघायच्या सहलींवरच्या या लेखात राजस्थानातलं भरतपूर, केरळातलं थट्टेकाड आन ईगलनेस्ट तिन्ही एकाच १५ दिवसांच्या ट्रिपमध्ये बसवलेत, मला नाही पटलं. भरतपूरला नोव्हेंबर ते फेब्रुवारी गेलं तर पाणपक्षी मनसोक्त दिसतात, पण ईगलनेस्ट अरुणाचलात, डोंगरउतारावरचं जंगल, तिथे एप्रिल-मे चांगला, मग एकाच खेपेत दोन्ही कसं जमणार? त्यात विमान, टॅक्सी, सामान यातच निम्मे दिवस जातात आन पहाटेचे दोन तास, जे खरे महत्त्वाचे, तेच हातचे जातात. आमचं असंच झालं होतं, चार राज्यं केली पण एकाही ठिकाणी सलग दोन सकाळी मिळाल्या नाहीत.

माझं म्हणणं एवढंच की एका सीझनला एकच भाग घ्या. नागपूरवाल्यांनी तर सुरुवात घरापासूनच करावी, जानेवारीत पारडगाव तलावावर पट्टकादंब हंस येतात, हिमालय ओलांडून येणारे पक्षी हे, धुकं विरळ झालं की पांढऱ्या डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्या दुर्बिणीतून स्पष्ट दिसतात, बाकीचे चरत असतात आन एक-दोघं मान ताठ करून पहारा देत असतात, आपण बांधावरून जरा हललो की सगळ्यांच्या माना वर, म्हणून खाली बसूनच पाहा. पुढे गोंदियाला सारस, आन मेळघाटात रानपिंगळा, म्हणजे एक छोटं घुबड, जो नामशेष झाला असं समजत होते आन १९९७ ला नंदुरबार भागात परत सापडला. थट्टेकाड पुढच्या हिवाळ्यात करा, तिथे निदान चार दिवस ठेवा.