व्हीपीएन जोडत नाही? अजून बिघडवता येईल

रात्री ब्राउझर आपसूक अपडेट झाला आणि सकाळपासून व्हीपीएनचं एक्स्टेन्शन (आपलं इंटरनेट दुसऱ्याच सर्व्हरमार्गे गुपचूप नेणारी ब्राउझरची पुरवणी) ‘कनेक्टिंग’ म्हणत नुसतं गरगरतंय? धीर सोडू नका, भाऊ.

पहिलं पथ्य: पडद्यावर काय लिहिलंय ते वाचायचं नाही. एक्स्टेन्शनच्या नव्या आवृत्तीने जादा परवानगी मागितली की क्रोम ते बंद करून ठेवतो आणि तुम्ही ‘हो’ म्हणेपर्यंत हलत नाही. वरच्या कोपऱ्यात तशी खूणही येते. तिकडे बघूच नका. त्यापेक्षा राउटर बंद-चालू करा, वायर उपसून फुंकर मारा आणि घरातल्या पोरांवर ओरडा.

मग दुसरं व्हीपीएन टाका. पहिलं असू द्या, डबल संरक्षण! ब्राउझरची प्रॉक्सी, म्हणजे इंटरनेट कुठल्या सर्व्हरमार्गे न्यायचं ती सोय, एका वेळी एकाच एक्स्टेन्शनच्या ताब्यात राहते, सेटिंगमध्ये त्याचं नावसुद्धा दिसतं. पण सेटिंग उघडायचं म्हणजे कमीपणाच. तिसरं टाका.

लाइट जाऊन आली आणि बोर्डावरचा सेल उतरलेल्या डेस्कटॉपचं घड्याळ २०१० सालात गेलं, तर तिथेच राहू द्या. सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र ‘अजून लागूच झालेलं नाही’ असं त्याला वाटेल आणि जोडणी होणार नाही, पण आपण तेवढेच तरुण.

एक्स्टेन्शन ‘मॅनिफेस्ट व्ही-२’ या (एक्स्टेन्शन बांधायच्या जुन्या नियमावलीच्या) घडणीचं असेल तर गंमत वेगळी. गूगलने ही घडण २०२४ पासून टप्प्याटप्प्याने मोडीत काढली. बनवणाऱ्याने नवी आवृत्ती दिलीच नसेल, तर क्रोममध्ये ते उठणार नाही. तरी काढा-टाका चालू ठेवा, हाताला व्यायाम.

एवढ्यावर भागलं नाही तर सगळं उचलून जळगावला गोलाणी मार्केट गाठा. दुरुस्तीवाल्याने “काय व्हयनं भो?” विचारलं की “काहीच केलं नाही, आपोआप झालं” एवढंच सांगायचं. विंडोज नवीन मारायची वेळ आली तर मारू द्या. लग्नाचे फोटो कुणी परत बघतं का?

आणि घ्यायचं ते फुकटचंच. सख्ख्या भावाला फोनचा पॅटर्न न सांगणारे आपण, ‘सर्व वेबसाइटवरचा तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे’ याला डोळे मिटून मान्यता देतो, ती काय उगाच? २०१५ साली ‘होला’ या फुकट व्हीपीएनवाल्यांच्या ग्राहकांचंच इंटरनेट परस्पर विकलं जात असल्याचं उघड झालं होतं. असू दे. आपण एक स्टार द्यायचा आणि खाली खडसावून लिहायचं: पैसे परत करा.