बेसमेंटमधलं एकमत

न्यू जर्सीत गणपतीच्या दिवसांत कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये जेवण असतंच, आणि मसालेभात संपत आला की कुणीतरी वर्णभेदाचा विषय काढतो. घाबरू नका. या विषयावर एकमत होणं अवघड, असं म्हणतात. आपल्यात सहज होतं. ज्याच्याविषयी बोलायचं तो खोलीत नसला की झालं, आणि तेवढं यजमानांनी आमंत्रणं देतानाच पाहिलेलं असतं.

सुरुवात "मी काही रेसिस्ट नाही, पण" अशी करा. 'पण'नंतर थांबून श्रीखंड वाढून घ्या. मग आपण दोन बॅगा घेऊन आलो आणि सगळं स्वकष्टानं उभं केलं, हे सांगा. (सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजची फी किती होती, हे कुणी विचारणार नाही. विचारणाऱ्याचीही तेवढीच होती.) "मग 'त्यांना' का जमत नाही?" म्हणालात की माना हलतील. 'पर्सनल रिस्पॉन्सिबिलिटी' हा शब्द इथे टाका. ती नेहमी दुसऱ्यानं घ्यायची असते.

कॉलेजात जाणारा एखादा भाचा मध्येच सांगेल, की १९३०च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगवल्या गेल्या आणि तिथे घरासाठी कर्ज मिळेना. त्याला म्हणा, "अरे, जुनं झालं ते." पण तो पेटलाच, तर? १९२३ साली इथल्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंद या भारतीयाला 'गोरा नाही' म्हणून नागरिकत्व नाकारलं; १९४६ साली भारताच्या वाट्याला वर्षाला जेमतेम १०० स्थलांतरितांचा कोटा आला; आणि आपल्याला दार उघडणारा १९६५चा कायदा नागरी हक्कांच्या चळवळीच्या लाटेतच आला, म्हणजे आपल्या दोन बॅगा 'त्यांनी' उघडलेल्या दारातून आत आल्या, इथवर तो पोचायच्या आत त्याला बर्फ आणायला गॅरेजमध्ये पिटाळा.

ग्रीन कार्डाचा विषय मात्र वेगळा. कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सात टक्क्यांची मर्यादा आहे, हे निघालं की याच बेसमेंटमध्ये आवाज चढतो: "केवळ जन्म कुठे झाला म्हणून?" तेव्हा व्यवस्था, अन्याय, पिढ्यांचं नुकसान हे सगळे शब्द चालतात. रांगेतल्या माणसाला "अजून मेहनत कर" असं चुकूनही म्हणू नका. भरल्या ताटावरून उठेल बिचारा.

आणि जोतीरावांचं नाव नको. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना. हे निघालं की विषय अमेरिकेतून थेट आपल्या गावात उतरतो आणि गावातून आडनावावर येतो. मघाशी दाराशी नव्या पाहुण्याला "आडनाव काय म्हणालात?" असं तुम्हीच दोनदा विचारलं होतं, आणि नंतर गावही. तो आता कोपऱ्यात ताट घेऊन गप्प बसलाय. त्याचंही मत आपल्यासारखंच आहे, असं धरून चाला.