केबल सारखीच असते, म्हणे!

नागपुरात कोणत्याही मोठ्या कार्यक्रमाचे थेट चित्रीकरण असले की हाच वैताग पुन्हा वाट्याला येतो. सीताबर्डीच्या बाजारात एसडीआयसाठी, म्हणजे कॅमेऱ्याचे डिजिटल चित्र तारेवरून नेण्याच्या व्यावसायिक पद्धतीसाठी, 75 ओहमची चांगली केबल मागावी, तर समोर सीसीटीव्हीची केबल ठेवली जाते आणि वर ‘सगळ्या सारख्याच असतात, साहेब’ असे ठणकावून सांगितले जाते. त्या सारख्या नसतात! सोलून पाहिले की अनेकदा तांब्याचा नुसता मुलामा दिलेली तार आणि बोटाने बाजूला सरकेल इतकी विरळ जाळी दिसते. जुन्या ॲनालॉग कॅमेऱ्याला ती चालून जाते, पण 3जी-एसडीआयचा सेकंदाला 2.97 गिगाबिटांचा सिग्नल, त्याहून वेगवान 12जी-एसडीआयचा 11.88 गिगाबिटांचा तर सोडाच, तिच्यावर लांबवर टिकत नाही. कनेक्टरचे तर विचारूच नका. 50 ओहमचा बीएनसी (केबलच्या टोकाचा, फिरवून अडकवायचा गोल कनेक्टर) 75च्या सॉकेटवर निमूट बसतो, म्हणून तोच गळ्यात मारतात. डिजिटल चित्र हळूहळू बिघडून सावध करत नाही. ते जवळजवळ शेवटपर्यंत स्वच्छ दिसते, मग ठिपके चमकू लागतात आणि ऐन भाषणात पडदा काळा होतो. मंडप, दिवे, फुले यांवर सढळ हाताने खर्च करणारे आयोजक केबलच्या मीटरमागे चार पैसे वाचवतात आणि जाब मात्र कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या पोराला विचारतात.