अमेरिकेत जपतात आणि आपण पाडतो, हे इतकं सरळ नाहीये

पुण्यात पेठेतला एखादा वाडा पाडला की आमच्या शाळेच्या ग्रुपवर तोच वाद सुरू होतो आणि कोणीतरी लिहितंच, अमेरिकेत बघा दीडशे वर्षांची घरं कशी जपतात, आपल्याला कदरच नाही. मी विस्कॉन्सिनमधे राहतो, अशी घरं जवळून बघितलीयेत, आणि मला हे अजिबात पटत नाही.

मॅडिसन आणि मिलवॉकीच्या मधे वॉटरटाऊन म्हणून गाव आहे. तिथे जॉन रिचर्ड्स नावाच्या वकिलाने 1854 मधे अष्टकोनी घर बांधलं, विटांचं, 57 खोल्यांचं, मधोमध गोल फिरत वर जाणारा जिना आणि सगळ्यात वर छपरावर चहूबाजूंनी खिडक्या असलेली छोटीशी खोली, क्युपोला. ती नुसती शोभेला नाही हं. उन्हाळ्यात तिच्या खिडक्या उघडल्या की घरातली गरम हवा जिन्यातून वर चढून बाहेर पडते, खालून गार हवा आत येते, आणि घराच्या पोटातल्या जिन्यावर दिवसभर उजेड राहतो. आपल्या वाड्याचा चौक करतो तेच काम, फक्त इथे बर्फ पडतो म्हणून वर छप्पर.

या घरांचं वेड लावलं ऑर्सन फाउलरने. कवटीच्या उंचवट्यांवरून माणसाचा स्वभाव सांगणारा हा गृहस्थ, 1848 मधे त्याने अष्टकोनी घरांवर पुस्तक काढलं. हिशोब बरोबर होता, तेवढ्याच लांबीच्या भिंतीत चौकोनापेक्षा साधारण 20 टक्के जास्त जागा मिळते. पण कोपऱ्यात तिरक्या तिकोनी खोल्या उरतात, तिथे पलंग कुठे लावणार? काही वर्षांतच फॅशन ओसरली. आणि खुद्द फाउलरचं न्यूयॉर्क राज्यातलं प्रचंड अष्टकोनी घर हातोहात फिरत गेलं, मोडकळीला आलं आणि 1897 मधे धोकादायक म्हणून सुरुंग लावून उडवलं. अमेरिकेतच! बाकीही कित्येक पाडली गेली, जी उरली त्यातल्या बऱ्याच घरांचा क्युपोला गेला, कारण छपराला भोक पाडून वर काही बांधलं की तो सांधा गळणारच, आणि दर काही वर्षांनी दुरुस्तीचा खर्च करण्यापेक्षा काढून टाकणं स्वस्त.

मग वॉटरटाऊनचं घर का टिकलं? 1938 पासून ते गावाच्या हिस्टॉरिकल सोसायटीकडे म्युझियम म्हणून आहे. सॅन फ्रान्सिस्कोमधलं 1861 चं मॅकएलरॉय नावाचं अष्टकोनी घरही असंच टिकलं, 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला एका महिला संस्थेने घेतलं आणि अख्खं उचलून रस्त्याच्या पलीकडे नेलं. म्हणजे दोन्हीकडे मालकाच्या डोक्यावरचा खर्च दुसऱ्या कोणीतरी आपल्या अंगावर घेतला.

आता पेठेतला मालक बघा. 1947 च्या भाडे कायद्याने भाडी गोठली, 1999 चा नवा कायदा आला तरी जुन्या भाडेकरूंचं भाडं नाममात्रच राहिलं. त्यात वाटेकरी भावंडं डझनभर, एकाची सही मिळाली तर दुसऱ्याची नाही. लाकडी खांबाला वाळवी लागली, माळवद गळायला लागलं, पावसाळ्याआधी महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली, की त्याने टेकू लावायचे कशाच्या जोरावर? आणि भाडेकरूही चुकीचा नाही, एकदा बाहेर पडलं की परत जागा मिळेल याची खात्री कोण देतं. अशा माणसांना आपण इथे बसून संस्कृतीची आठवण करून देतो, हे मला खरंच लागतं.

हेरिटेज यादीत नाव घातलं म्हणून छप्पर दुरुस्त होत नाही. माझं मत स्पष्ट आहे, सगळे वाडे वाचणार नाहीत आणि वाचायलाही नकोत, जिथे माणसं जीव मुठीत धरून राहतात तिथे नवीन इमारत उभी राहू दे. पण जे थोडे अजून धड उभे आहेत, चौक शाबूत आहे, त्यांच्यासाठी पेठेतल्याच लोकांची एखादी संस्था हवी, जी दरवर्षी पावसाळ्याआधी छप्पर बघेल, भाडेकरूंशी लेखी करार करेल आणि तिकीट लावून वाडा दाखवेल. परदेशातल्या आमच्यासारख्यांनी ग्रुपवर भांडण्यापेक्षा त्या छपराचा खर्च उचलावा, मी तयार आहे.